वीस हजारांचं अलॉय की दोन लाखांचं? गाडीची चाकं बदलण्याआधी हे गणित समजून घ्या

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि सगळीकडे एकच चर्चा सुरू झाली, कुठली गाडी किती हजारांनी स्वस्त झाली. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आला. शोरूमबाहेर रांगा लागल्या, पेढे वाटले गेले, चाव्यांसोबतचे फोटो इन्स्टाग्रामवर पडले.

या सगळ्यात एक गोष्ट मागे राहिली. त्याच दिवसापासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा करही सरसकट १८ टक्के झाला. आधी यातल्या बऱ्याच भागांवर २८ टक्के जीएसटी होता. गाडीची रिम म्हणजेच चाक हाही सुटा भागच. म्हणजे २८ टक्के कर धरून तीस हजारांना मिळणारा अलॉय व्हीलचा सेट, दुकानदाराने पूर्ण फायदा दिला तर साधारण २७ हजार ६५० रुपयांत बसतो.

आता इथे एक साधं गणित आहे. बहुतेक कंपन्या बेस आणि मधल्या व्हेरियंटला लोखंडी रिम आणि वर प्लास्टिकचं व्हील कव्हर देतात. अलॉय हवं असेल तर वरचं व्हेरियंट घ्या, म्हणजे लाखभर रुपये जास्त मोजा. त्यामुळे मधलं व्हेरियंट घ्यायचं आणि अलॉय बाहेरून टाकायचं, हा मार्ग अनेकांना परवडतो. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की पुण्यात नाना पेठ, गाडीची डिलिव्हरी घेऊन थेट तिकडेच जाणारे कमी नाहीत.

दुकानात गेल्यावर मात्र गोंधळ सुरू होतो. भिंतीवर दोन चाकं शेजारी शेजारी टांगलेली असतात. दोन्ही १५ इंची, दोन्ही काळी, दोन्हींचं डिझाइन जवळपास सारखं. एकाचा चारचा सेट साधारण वीस-पंचवीस हजारांना, दुसऱ्याचा लाखाच्या पुढे. फोर्ज्ड मागितलं तर दोन लाखांच्याही वर. दिसायला सारख्या असलेल्या वस्तूंच्या किमतीत एवढा फरक का? आणि आपल्या रस्त्यांवर रोज चालणाऱ्या गाडीला नेमकं काय घ्यावं?

आधी अलॉय म्हणजे काय ते बघू

जुने गॅरेजवाले आजही अलॉयला 'मॅगव्हील' म्हणतात. त्याचं कारण म्हणजे एकेकाळी रेसिंगच्या गाड्यांची हलकी चाकं मॅग्नेशियमची असायची. आज रस्त्यावर दिसणारी जवळपास सगळी अलॉय ॲल्युमिनियमची असतात. त्यात सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम मिसळतात. ओतीव चाकांसाठी जगभर वापरला जाणारा ए३५६ हा मिश्रधातू घेतला तर त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन असतं.

लोखंडी रिम पत्रा दाबून, वळवून आणि वेल्ड करून बनते. ती स्वस्त असते आणि जोरात आपटली तर वाकते. वाकलेली रिम ठोकून सरळ करता येते. अलॉय दिसायला देखणं असतं, ब्रेकची उष्णता लवकर बाहेर टाकतं आणि नीट बनवलं तर वजनाला हलकं असतं. पण एका मर्यादेपलीकडचा मार बसला तर ते वाकत बसत नाही, त्याला तडा जातो.

हा फरक लक्षात ठेवा. पुढची सगळी चर्चा त्या 'नीट बनवलं तर' या शब्दांवर आहे.

किमतीतला फरक येतो कुठून?

चाक बनवण्याच्या ढोबळ चार पद्धती आहेत.

पहिली, ग्रॅव्हिटी कास्टिंग. वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतायचं आणि गार होऊ द्यायचं. यंत्रसामग्री कमी लागते, खर्च कमी येतो. पण ओतताना धातूत हवेचे बारीक बुडबुडे अडकू शकतात. हे बुडबुडे रंगाखाली दिसत नाहीत. पुढे तिथूनच तडा सुरू होतो किंवा हवा हळूहळू झिरपत राहते.

दुसरी, लो प्रेशर कास्टिंग. इथे धातू खालून दाबाने साच्यात चढवतात. त्यामुळे तो जास्त घट्ट आणि एकसारखा बसतो. कार कंपन्या स्वतःच्या गाड्यांना जी अलॉय देतात, त्यातली बहुतेक याच पद्धतीची असतात.

तिसरी, फ्लो फॉर्मिंग. आधी चाक ओतून घेतात, मग ते गरम करून फिरवत फिरवत रोलरने त्याचा बाहेरचा पिंपासारखा भाग ताणतात. कुंभार फिरत्या चाकावर मडक्याची भिंत वर खेचतो तसंच. यामुळे तो भाग पातळ होऊनही मजबूत राहतो.

चौथी, फोर्जिंग. यात धातू ओतत नाहीत. ॲल्युमिनियमचा ठोकळा प्रचंड दाबाच्या प्रेसमध्ये दाबून आकार देतात आणि मग मशीनवर कोरतात. धातूची घडण दाट होते, बुडबुड्यांचा प्रश्न राहत नाही. चाक सगळ्यात हलकं आणि सगळ्यात मजबूत होतं. आणि अर्थातच सगळ्यात महाग.

यातच आणखी एक टप्पा असतो, हीट ट्रीटमेंट. ओतलेलं चाक भट्टीत तापवायचं, झटकन थंड करायचं आणि पुन्हा ठरावीक तापमानाला ठेवायचं. या प्रक्रियेला टी६ म्हणतात. याने धातूची ताकद बरीच वाढते. शिवाय चांगले कारखाने चाकांचा एक्स-रे काढून आतली पोकळी तपासतात आणि हवा कुठून गळत नाही ना, हेही बघतात. भट्टी, वीज, तपासणी आणि नापास झालेली चाकं परत वितळवणं या सगळ्याला पैसे लागतात.

ग्राहकाला यातलं काहीच डोळ्यांनी दिसत नाही. रंग मारल्यावर दोन्ही चाकं सारखीच चकाकतात. म्हणून स्वस्तात विकायचं ठरवलं तर सगळ्यात आधी कात्री इथेच लागते.

खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा नेमकं काय होतं?

चाकाच्या तीन मुख्य चाचण्या असतात. वळण घेताना चाकावर जो पिळा पडतो, तो लाखो वेळा देऊन बघतात. वजन घेऊन ते सरळ किती फिरू शकतं हे बघतात. आणि तिसरी चाचणी म्हणजे आघात.

आघाताची चाचणी कशी होते? आयएसओ ७१४१ या आंतरराष्ट्रीय मानकात त्याचं सूत्र दिलंय. टायर चढवलेलं चाक १३ अंशात तिरकं बसवतात आणि वरून २३० मिलिमीटर उंचीवरून वजन सोडतात. ते वजन किती? चाकाने जेवढा भार पेलणं अपेक्षित आहे त्याच्या ०.६ पट, अधिक १८० किलो. म्हणजे ३७५ किलो भाराच्या चाकावर सुमारे ४०५ किलोचा दणका. एवढ्यानंतर चाकाच्या मधल्या भागातून आरपार तडा गेला, मधला भाग रिमपासून सुटला किंवा एका मिनिटाच्या आत टायरमधली सगळी हवा गेली, तर चाक नापास.

आता हे आपल्याकडच्या रस्त्यांना लावून बघा. पावसाळ्यात घोडबंदर रोडवर किंवा वर्षानुवर्षं रखडलेल्या मुंबई-गोवा महामार्गावर पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे कळत नाही. गाडीत पाच माणसं, डिकीत सामान आणि वेग साठचा. खड्ड्याच्या पुढच्या काठावर चाक आदळतं तेव्हा आधी टायर दबतो. टायरची भिंत संपली की दणका थेट रिमला बसतो.

बहुतेक वेळा मार बसतो तो चाकाच्या आतल्या कडेला, म्हणजे जी बाजू बाहेरून दिसतच नाही. त्यामुळे चाक वरून छान दिसत असतं आणि आत बारीक तडा पडलेला असतो. दर आठवड्याला एकाच टायरची हवा कमी होत असेल आणि पंक्चरवाल्याला पंक्चर सापडत नसेल, तर संशय रिमवर घ्यायला हवा. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल आणि बॅलन्सिंग करूनही फरक पडत नसेल, तरीही तेच.

तडा गेलेल्या अलॉयला वेल्डिंग करून देणारे भरपूर आहेत. पण वेल्डिंगची उष्णता त्या जागेची हीट ट्रीटमेंट घालवते. कड जराशी वाकली असेल तर ती सरळ करणं वेगळं. स्पोक किंवा मधल्या भागाचा तडा सांधून तेच चाक हायवेवर नेणं म्हणजे जीव टांगणीला लावणं.

खड्ड्यांवरून ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महत्त्वाचा निकाल दिला. खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये, तर जखमीला ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. पण हा निकाल माणसाच्या जिवाचा आहे. फुटलेल्या रिमचे पैसे त्यातून मिळणार नाहीत. तो खर्च गाडी मालकाच्याच खिशातून जातो.

चाकावरचे शिक्के खरं बोलतात का?

'दादा, जेडब्ल्यूएल आहे, डोळे झाकून घ्या,' हे वाक्य दुकानात हमखास ऐकायला मिळतं. जेडब्ल्यूएल हे हलक्या मिश्रधातूच्या चाकांचं जपानी मानक आहे. पण यात एक मेख आहे. हे चिन्ह बनवणारी कंपनी स्वतःच लावते. 'आमचं चाक या मानकात बसतं' असं तिने स्वतः जाहीर केलेलं असतं. त्यासोबत 'व्हीआयए' असं कोरलं असेल तर त्या चाकाची जपानमध्ये त्रयस्थ संस्थेकडे चाचणी आणि नोंदणी झालेली असणं अपेक्षित असतं.

अडचण अशी की ही अक्षरं साच्यात कोरायला काहीच लागत नाही. नकली चाकांवर दोन्ही शिक्के सर्रास असतात. जपानच्या रेझ कंपनीचं टीई३७ हे सहा स्पोकचं फोर्ज्ड चाक १९९६ पासून गाजतंय. त्याची हुबेहूब दिसणारी ओतीव नक्कल जगभरात पसरलीय. डिझाइन तेच, पण बनवण्याची पद्धत पूर्ण वेगळी.

जर्मनीत याबाबत नियम कडक आहेत. तिथे बाहेरून घेतलेलं चाक तुमच्या मॉडेलला चालतं याचं कागदपत्र लागतं, नाहीतर गाडी तपासणी संस्थेकडे नेऊन मंजूर करून घ्यावी लागते. कागद नसेल तर गाडीचा परवानाच अडचणीत येऊ शकतो.

भारतात काय स्थिती आहे? केंद्र सरकारने २०२० मध्ये वाहनांच्या व्हील रिमसाठी क्वालिटी कंट्रोल ऑर्डर काढली. अलॉय रिमसाठी आयएस १६१९२ आणि मोटारींच्या लोखंडी रिमसाठी आयएस ९४३६ हे मानक त्यात धरलं आणि आयएसआय मार्क बंधनकारक करायचं ठरलं. तारीख नंतर पुढे ढकलली गेली, पण दिशा स्पष्ट आहे. रिम ही शोभेची वस्तू नाही, सुरक्षेचा भाग आहे, हे सरकारने कागदावर मान्य केलंय.

ग्राहकाच्या दृष्टीने यात एक कामाची गोष्ट आहे. आयएसआय मार्कसोबत 'सीएम/एल' ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो नंबर टाकला की लायसन्स कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की नाही, हे समजतं. दुकानात उभं राहून दोन मिनिटांत होणारी तपासणी आहे ही.

चायना माल म्हणजे वाईट?

स्वस्त अलॉय म्हटलं की 'चायना माल' हा शब्द येतोच. चीन, दक्षिण कोरिया आणि थायलंडमधून येणाऱ्या ओतीव अलॉय चाकांवर भारताने मागच्या दशकात अँटी-डम्पिंग ड्युटीही लावली होती. पण तो मुद्दा किमतीचा होता. परदेशी माल फार कमी दराने येऊन इथले कारखाने अडचणीत येत होते.

दर्जाच्या बाबतीत देशावरून निष्कर्ष काढणं चुकीचं ठरतं. जगातल्या सगळ्यात मोठ्या अलॉय उत्पादकांपैकी एक असलेली सीआयटीआयसी डिकास्टल ही चिनी कंपनी अनेक बड्या कार कंपन्यांना चाकं पुरवते. तिकडे उत्तम कारखाने आहेत आणि नाव-गाव नसलेले कारखानेही आहेत. प्रश्न 'कुठे बनलं' यापेक्षा 'कुणी बनवलं आणि कुणी तपासलं' हा आहे.

आणि चांगल्या चाकासाठी जपान-जर्मनीलाच जावं लागतं असंही नाही. जपानच्या एन्केईचा कारखाना पुणे जिल्ह्यात शिक्रापूरला आहे. मिंडा कोसेईने हरियाणातल्या बावलमध्ये अलॉयचा कारखाना उभारला. कार कंपन्यांना माल पुरवायचा तर त्यांच्या चाचण्या पास कराव्याच लागतात. म्हणजे मधल्या किमतीत दर्जेदार पर्याय आपल्याच देशात बनतोय.

हलकं असतं म्हणतात, पण वजन केलं का?

अलॉय टाकलं की मायलेज वाढतं, गाडी पळते, असं सांगितलं जातं. यामागचं तत्त्व बरोबर आहे. चाकाचं वजन सस्पेन्शनच्या खाली असतं. ते जितकं कमी तितकं चाक रस्त्याला चिकटून राहतं. शिवाय चाक फिरवावंही लागतं, त्यामुळे त्याचं वजन कमी झालं की इंजिन आणि ब्रेक दोघांचं काम हलकं होतं.

पण हे हलक्या अलॉयबद्दल आहे. स्वस्तात मजबुती आणायची तर धातू जास्त घालावा लागतो. त्यात साइझ वाढवली तर वजन आणखी वाढतं. १४ इंची लोखंडी रिम काढून १६ किंवा १७ इंची जाड ओतीव अलॉय टाकलं, तर नवीन चाक जुन्यापेक्षा जड असू शकतं. वर रुंद टायर आला की मायलेज वाढायच्या ऐवजी कमी होतं.

यावर उपाय सोपा आहे. दुकानात वजनकाटा मागा. जुनी रिम आणि नवी रिम दोन्ही ठेवून बघा. जो दुकानदार वजन करून द्यायला तयार नाही, त्याच्या 'हलकं आहे' या शब्दाला अर्थ नाही.

माप चुकलं तर महाग चाकही धोक्याचं

इथे किमतीचा संबंध संपतो. दोन लाखांचं चाकही चुकीच्या मापाचं असेल तर ते धोकादायकच. चार आकडे बघायचे असतात.

पीसीडी: नट-बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. स्विफ्ट आणि बलेनोला ४x१०० लागतं, म्हणजे १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर चार भोकं. अनेक स्वस्त चाकांना आठ भोकं असतात, म्हणजे एकच साचा दोन पीसीडीसाठी. त्यात दोन भोकांच्या मधली जागा कमी होते, हे बघून घ्यायला हवं.

सेंटर बोअर: मधलं मोठं भोक. स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर आहे. बाजारातल्या चाकांचं भोक बऱ्याचदा मोठं, ७३.१ मिलिमीटरचं असतं, म्हणजे ते कुठल्याही गाडीला बसावं. मधली फट भरायला हब रिंग लागते. ती नसेल तर चाक बरोबर मध्यावर बसत नाही आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. शेकडो रुपयांची रिंग वाचवल्यामुळे हजारोंचा सेट बदनाम होतो.

ऑफसेट: चाक किती आत किंवा बाहेर बसणार हे यावरून ठरतं. चाक बाहेर आलं की गाडी 'रुबाबदार' दिसते, पण व्हील बेअरिंगवर ताण येतो, स्टिअरिंगचा स्वभाव बदलतो आणि गाडीत पाच जण बसले की टायर फेंडरला घासतो.

लोड रेटिंग: एक चाक किती किलो भार पेलू शकतं. समजा गाडी पूर्ण भरल्यावर जास्त वजनाच्या ॲक्सलवर ७५० किलो येतात, तर प्रत्येक चाक किमान ३७५ किलोचं हवं. हा आकडा चाकाच्या मागच्या बाजूला कोरलेला असतो. कुठेच नसेल तर ते चाक न घेतलेलंच बरं. सात सीटर आणि इलेक्ट्रिक गाड्यांना हे जास्त लागू होतं, कारण त्या मुळातच जड असतात.

आता टायर. बलेनोच्या बेस व्हेरियंटला १८५/६५ आर१५ टायर येतो. त्याचा पूर्ण व्यास ६२१.५ मिलिमीटर. वरच्या व्हेरियंटला १९५/५५ आर१६ येतो, त्याचा व्यास ६२०.९ मिलिमीटर. रिम एक इंचाने वाढली, पण पूर्ण चाकाची उंची जवळपास तीच राहिली. म्हणून स्पीडोमीटरही बरोबर दाखवतो आणि टायर कुठे घासत नाही.

पण टायरची भिंत बघा. १५ इंचाला ती १२० मिलिमीटर होती, १६ इंचाला १०७ झाली. १७ इंचाचा २०५/४५ टायर टाकला तर ती ९२ वर येते. हीच भिंत खड्ड्यात रिमला वाचवते. म्हणजे रिम जितकी मोठी, तितकी ती फुटण्याची शक्यता जास्त आणि पाठीला बसणारे दणकेही जास्त. कंपनीने त्या मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला जी साइझ दिलीय, तिथेच थांबणं शहाणपणाचं आहे.

महाग घेतलं म्हणजे चिंता मिटली?

नाही. प्रीमियम चाकांचेही प्रश्न आहेत.

फोर्ज्ड चाकाचा खरा फायदा ट्रॅकवर, जोरात चालवणाऱ्याला किंवा ताकदवान गाडीला मिळतो. ऑफिस ते घर आणि महिन्यातून एकदा गावी जाणाऱ्या हॅचबॅकला दोन लाखांची चाकं लावल्याने जो फरक पडेल, त्यापेक्षा जास्त फरक चांगले टायर आणि नवीन ब्रेक पॅड देतील.

दुसरं, एक चाक फुटलं तर तेच एक मिळणार का? आयात केलेल्या डिझाइनचं सुटं चाक मागवायला आठवडे लागू शकतात. कंपनीच बंद पडली तर? १९७० मध्ये सुरू झालेली जर्मनीची बीबीएस ही चाकांच्या जगातली दंतकथा. पण ही कंपनी २००७ पासून अनेकदा दिवाळखोरीत गेलीय. मोठं नाव म्हणजे कायम मिळणारा माल, असं समीकरण नाही.

तिसरं, चोरी. महागडी चाकं उघड्या पार्किंगमध्ये चोरांना खुणावतात. लॉक नट हा खर्चही त्यात धरावा लागतो.

पोलीस पकडतील का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, गाडीची मूळ वैशिष्ट्यं बदलतील असे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए(४) मध्ये बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

पण कायद्यात 'बदल' याची व्याख्या गाडीच्या रचनेतला असा फरक, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं, अशी आहे. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्या मापाचं अलॉय टाकलं तर त्यात अडकण्याचं कारण उरत नाही. फेंडरच्या बाहेर आलेली चाकं, भलतेच मोठे टायर, त्यासाठी कापलेली बॉडी असं काही असेल तर मात्र कारवाईला आमंत्रण आहे.

आणि इन्शुरन्स?

इथे खरं नुकसान होतं आणि ते अपघातानंतर कळतं.

साध्या मोटार पॉलिसीत फक्त टायर-ट्यूबचं नुकसान भरून मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायर बदलण्याच्या खर्चाच्या ५० टक्के मिळतात. रिमसाठी वेगळं ॲड-ऑन असेल तर त्याच्या अटी वाचाव्या लागतात.

बाहेरून टाकलेलं अलॉय ही गाडीसोबत न आलेली ॲक्सेसरी. ती पॉलिसीत दाखवून, तिची किंमत धरून, थोडा जास्त प्रीमियम भरला असेल तरच तिची भरपाई मागता येते. कंपनीला कळवलंच नाही आणि नंतर सर्व्हेयरला दिसलं की चाकं वेगळी आहेत, तर त्या चाकांचे पैसे तर जातातच, शिवाय अपघाताचं कारण चाकच असेल तर पूर्ण क्लेमवर वाद होऊ शकतो. सस्पेन्शन किंवा बेअरिंगच्या वॉरंटीतही सर्व्हिस सेंटर हाच मुद्दा काढू शकतं.

म्हणून पक्कं बिल हवंच. 'बिल नको असेल तर दोन हजार कमी' ही ऑफर मोहात पाडते. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादक आणि विक्रेता या दोघांनाही जबाबदार धरण्याची तरतूद आहे. बिलच नसेल तर जबाबदार धरायचं कुणाला? तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, पण तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच असतो.

मग घ्यायचं काय?

रोजच्या वापराच्या गाडीसाठी पर्याय असे लावता येतात.

बजेट वीस हजारांच्या आत असेल आणि त्यात आयएसआय मार्क, लोड रेटिंग, पक्कं बिल असलेलं चाक बसत नसेल, तर लोखंडी रिमच ठेवलेली बरी. त्यात कमीपणा काही नाही. खराब रस्त्यावर ती अनोळखी अलॉयपेक्षा जास्त भरवशाची आहे. वाचलेल्या पैशात चांगले टायर येतात, आणि रस्त्याला टेकतो तो टायर.

थोडं जास्त बजेट असेल तर त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटची कंपनीची अलॉय शोधा. पीसीडी, बोअर, ऑफसेट सगळं आपोआप जुळतं. अनेक जण नवी गाडी घेतली की लगेच मोठी चाकं टाकतात आणि कंपनीची जवळपास कोरी अलॉय विकतात. मात्र वापरलेलं चाक घेताना टायर उतरवून आतली कड बघा, बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा. वेल्डिंग करून, रंग मारून 'नवीन' म्हणून विकलेली चाकंही याच बाजारात असतात.

नवीनच हवं असेल तर कार कंपन्यांना माल पुरवणाऱ्या उत्पादकांची आणि नावाजलेल्या भारतीय ब्रँडची चाकं हा मधला मार्ग. दणकट, तपासलेली आणि एक फुटलं तर एक मिळण्याची शक्यता जास्त.

फोर्ज्ड किंवा आयात केलेलं चाक घ्यायचंच असेल तर अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. अर्ध्या किमतीत 'ओरिजिनल' मिळत असेल तर ते ओरिजिनल नाही, हे समजून जा.

कुठलंही चाक बसवलं तरी नट टॉर्क रेंचने आवळून घ्या, नुसत्या एअर गनच्या भरवशावर राहू नका. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत तपासा. नव्या अलॉयचे नट वेगळे असतील तर स्टेपनीच्या लोखंडी रिमसाठी जुने नट डिकीत ठेवा. रात्री अडीच वाजता कशेडी घाटात पंक्चर काढताना हे आठवण्यापेक्षा आधी आठवलेलं बरं.

एकूण काय, निवड स्वस्त आणि महाग यांच्यात दिसते, पण खरी निवड तपासलेल्या आणि न तपासलेल्या चाकात आहे. पंचवीस हजारांचं तपासलेलं चाक वर्षानुवर्षं साथ देतं, आणि लाखाची नक्कल पहिल्या पावसाळ्यात फुटू शकते. दुकानात गाडीचा फोटो काढण्याआधी चाक उलटं करा आणि मागे काय कोरलंय ते वाचा. मागच्या सीटवर घरचीच माणसं बसणार आहेत.